कागदावर लिहिलेलं नाव

शाउकेईवान, हाँगकाँग
४ एप्रिल १९७८

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आज सगळं लिहिते.

वादळात वाइहंगची होडी बुडाली, मी विधवा झाले आणि सासूबाईंनी लेकाच्या मरणाचं खापर माझ्या पायगुणावर फोडलं, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हापासून दर पंधरवड्याला मला पपनसाच्या पानांच्या पाण्याने अंघोळ. बाजारातून आले की दारातली पेटती शेगडी ओलांडायची, मगच घरात पाऊल. एकदा पायजम्याला ठिणगी लागली, तर म्हणाल्या, "बघ, आगीलासुद्धा नकोशी झालीस!" शेवटी मी बाहेर जाणंच सोडलं. समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघत बसायचे.

मार्चमध्ये, जमिनीतले किडे जागे होतात त्या सणाला, त्या मला पुलाखाली घेऊन गेल्या. तिथे म्हाताऱ्या बायका स्टुलावर बसून कागदी माणसाला जुन्या चपलेने झोडतात; पीडा टळते म्हणे. एकीने विचारलं, "कोणाला झोडायचंय? नाव लिहा." सासूबाईंना अक्षर येत नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही गं तुझंच. लाजतेस कसली? तुझ्यातली घाण निघेल."

मी लिहिलं, फुंग क्वाइहा. ताई, ते त्यांचं नाव.

म्हातारीने चप्पल उचलली. "डोकं ठेचते, हात मोडते, पाय मोडते..." आणि शेजारी उभ्या सासूबाई म्हणत होत्या, "अजून जोरात, बाई, अजून!" मला हसू आवरेना. वर्षभरात पहिल्यांदा हसले.

चौथ्या दिवशी त्या चुलीपाशी कोसळल्या. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब जुनाच होता. चारचौघांत असले की मलाही ते पटतं.

आता त्या फक्त माझ्या हातून पेज घेतात. परवा वाकड्या तोंडाने, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "झोडून घेतलं... बरं झालं. तुझी पीडा गेली, पोरी. नाहीतर मी मेलेच असते." मला 'पोरी' म्हणाल्या, ताई. आता शेगडी पेटत नाही, मला कोणी अडवत नाही. तरी भाजी घेतली की मी धावत घरी येते.

तू पाठवलेलं मकावच्या बोटीचं तिकीट सोबत परत करते आहे. तुझ्या बेकरीत माझ्यासाठी ठेवलेली कामाची जागा दुसऱ्या कुणाला दे. का, ते कळावं म्हणून एवढं लिहिलं. वाचून जाळून टाक. आणि मला न्यायला येऊ नकोस. तू दारात दिसलीस तर मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघेन, आणि मग त्यांना कोण भरवेल?

तुझीच,
सॉलिन