तिरपी पट्टी

जाम, डिसेंबर १९५४

प्रिय माणिक,

बापानं लेकाला ‘चिरंजीव’ लिहावं अशी रीत आहे. मी ‘प्रिय’ लिहिलं, त्याचा राग मानू नको. ‘चिरंजीव’ मी एकदा तुझ्या धाकट्या भावाच्या, माधवच्या, नावाआधी लिहिलं होतं आणि तो लिफाफा न उघडता परत आला. तेव्हापासून हात त्या शब्दाकडे वळत नाही. मी शाळेत गेलेलो नाही, अक्षरं शिकलो ती दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा कुठं वेलांटी चुकली तर सांभाळून घे.

हे पत्र जामहून लिहितो आहे. जपानशी लढाई संपली तसं पुलगावच्या लष्करी डेपोतलं गाड्या रंगवायचं काम आटलं. आपण रंगवलेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि नागपूर-हैदराबाद सडकेवर माल वाहू लागल्या. मग मीही डबे-ब्रश उचलले आणि त्यांच्या मागोमाग इथं फाट्यावर आलो. चहाच्या हॉटेलाला लागून टिनाचं छप्पर टाकलं आहे. तुझी माय संगं आहे. तिचे गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत आहे. नाचणगावचं घर विकलं नाही, नुसतं कुलूप लावलं. दारावर तू डेपोसाठी पत्र्यात कापलेल्या साच्यातला बाण मारला आणि त्याखाली ‘जाम’ लिहून ठेवलं. दर पोळ्याला जातो आणि त्यावर नवा रंग देतो. शेजारची देवकाबाई मला हसते. म्हणते, “नत्थूजी, बाण पाहून कोण येऊन राह्यलं?” मी म्हणतो, बाई, रंग वाळू दे आधी.

इथं येणाऱ्या जुन्या लष्करी गाड्या खरवडताना मला फार मजा वाटते. वर कुण्या शेठजीचा लाल रंग असतो, त्याखाली जंगली हिरवा, त्याच्याही खाली तो सुरुवातीचा मातकट खाकी. बॉनेटवर घासलं की पांढरा तारा वर येतो. एकदा दारावर तांबडा कोंबडा निघाला, पिवळ्या चौकटीतला, झुंजायला उभा असलेला. कुठल्या पलटणीची ती खूण, मालकाला माहीत नव्हतं. मी त्या कोंबड्यावर रंग मारायचं दोन दिवस टाळलं. आणि समोरच्या अंगाला तो पिवळा गोल, त्यात काळा आकडा, म्हणजे गाडी केवढ्या वजनाची, कोणता पूल तिला पेलेल ते पुलावरच्या शिपायाला दुरून कळावं. तुम्ही पहिल्यांदा तो गोल मारला तेव्हा तुझी माय डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, “हे काय, गाडीले हळद लावली काय?” आणि माधव तिच्या कपाळाला पिवळा ब्रश लावायला धावला. तुझ्या मायला ते अजून आठवतं. आठवलं की पदरानं कपाळ पुसते, जसा काही रंग अजून ओला आहे.

माधवचा हात ब्रशावर चांगला होता. साच्यावर ब्रश ओढायचा नाही, ठोकायचा, नाहीतर रंग पत्र्याखाली पसरतो, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. पण साचा कापावा तो तूच. घासलेटच्या डब्याचा पत्रा घ्यायचास आणि छिन्नीनं असा कापायचास की जणू पुरणपोळीचा काठ. आठ, नऊ, शून्य यांच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये पट्टी सोडावी लागते. सगळे कापणारे ती उभी सोडतात. तुझी तिरपी यायची, डावीकडून वर चढलेली, कारण तू डावखुरा. मी तुला टोकलं की म्हणायचास, बाबा, गाडीनं धावायचं आहे, आरशात नाही पाहायचं. डेपोच्या साहेबानंही कधी हरकत घेतली नाही. त्याला नंबर वाचता आला की झालं. पुलगावातून गेलेल्या कितीतरी गाड्यांच्या पाठीवर ती तुझी तिरपी पट्टी होती, आणि ते पाहून मला वाटायचं की माझा लेक आसामच्या पार फिरून राह्यला.

मग तुम्ही दोघं खरोखरच गेलात. तिकडं रंगकामाला माणसं हवी होती. माधवला जायचं नव्हतं, तू त्याला नेलंस. मोठा भाऊ नेणार नाहीतर कोण नेणार. निघताना तुझ्या मायनं जवसाची चटणी आणि तिळाच्या वड्या बांधून दिल्या आणि ती हसत हसत म्हणाली, “दोघं संगंच येजा. एकटा कोणी आला त मी दार नाई उघडणार.” सगळे हसलो. तूही हसलास, आणि तिच्या पाया पडून म्हणालास, संगंच येऊ.

पुढचं तुला मी काय सांगावं. सरकारी कागद आला, त्यात माधवच्या नावापुढं ‘अपघात’ एवढंच होतं. खरं ते आम्हाला देवळीच्या रूपरावानं सांगितलं. तिकडंच ड्रायव्हर होता, परतल्यावर मुद्दाम घरी आला. इंफाळच्या घाटात पाऊस होता, समोरचे दिवे लावायला बंदी. पुढच्या गाडीच्या मागच्या आसाचा तो फुगीर गोळा पांढरा रंगवलेला असतो, त्यावर बारीकसा दिवा. तेवढा पाहत मागच्यानं चालायचं. पुढच्या गाडीत तू होतास, मागच्या गाडीत माधव. गोळा चिखलानं झाकला आणि मागची गाडी वळणावर सरळ दरीत गेली. रूपराव म्हणाला की तू पुढं कितीतरी दिवस एकच बोलायचास, मी उतरून तो गोळा पुसला काऊन नाई.

माणिक, मी आयुष्यभर रंगाचं काम केलं आहे, म्हणून सांगतो. घाटातल्या पावसात मागच्या चाकाशी पांढरा रंग कुणाचा टिकला आहे? तू पुसला असतास तर पुढच्या वळणावर पुन्हा भरला असता. हे मी तुला तोंडानं सांगायला हवं होतं. पण लढाई संपली, तुझी नोकरीतून सुट्टी झाल्याचा कागद आला, आणि तू आला नाहीस. लोक म्हणाले, दुसरा संसार थाटला असेल. कुणी म्हणालं, तोही गेला असेल.  तुझी माय सणाला दोन ताटं जास्तीची वाढते. एक गाईला घालते. दुसरं झाकून ठेवते.

गेल्या आठवड्यात एक सरदारजी फाट्यावर थांबला. कलकत्त्याकडून माल भरून हैदराबादला चाललेला. त्याला दारावर देवाचं चित्र हवं होतं. मी मागं वळसा घालून गेलो तर फाळक्यावर साच्यानं मारलेलं ‘सावधान’. ‘व’च्या पोटातली पट्टी तिरपी, डावीकडून वर चढलेली. ‘ध’चीही तशीच. मी फाळक्यावरची धूळ पुसून पुन्हा पाहिलं. मनाला आधी बजावलं की नत्थू, पत्रा माणसापेक्षा जास्त जगतो, साचा जुना असेल, कुणीही मारला असेल. पण डेपोत आपण इंग्रजीशिवाय अक्षर कापलं नव्हतं. हा साचा लढाईनंतर कापलेला आहे. मी तुझ्या मायला हाताला धरून आणलं. तिला वाचता येत नाही. तिनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “डेबऱ्या हाताचं आहे.” सरदारजीला विचारलं, तर तो म्हणाला, रायपूर में, पंप के पास, एक खब्बू पेंटर है, काम अच्छा, बोलता कम है. खब्बू म्हणजे आपला डेबरा, डावखुरा.

रायपूर. अरे, आसामातून तू इतकं अंतर चालत आलास आणि एवढ्यावर येऊन थांबलास.

मी लगेच पिशवी भरली होती. तुझ्या मायनंच ती रिकामी केली. म्हणाली, तुमी गेले त तो तुमच्या तोंडाकडे पाहीन आन् अजून दूर पळन. दार नाई उघडणार असं बोलली मी होती, त निरोप माहाच जाऊ द्या. म्हणून हे पत्र. सरदारजी परत जाताना आज घेऊन जाईल. चित्राचे पैसे देत होता, मी म्हटलं, हे पोचव, तेच पैसे. संगं जवसाची चटणी आहे, ती जपून उघड, तेल सुटलेलं आहे. तुझी माय इथं चुलीपाशी बसून मला सांगते आहे, आणि ती बोलली तसंच, काही न सुधारता, लिहितो: “माणिक, दार उघडंच आहे. एकटा आला तरी येजो.”

वाट पाहणारा, तुझाच
बाबा