पाच हिरव्या टिकल्या

६ जानेवारी

शाळा मंडळाची सभा. पुढच्या वर्षी सगळं काही परवडणार नाही, हे कळायला आम्हाला तीन तास लागले. काय ठेवायचं, काय काढायचं? सुपरिंटेंडेंट किंबल यांच्याकडे तोडगा तयार – गावालाच ठरवू दे. व्यायामशाळेच्या भिंतीवर नऊ कागद, एकेका कागदावर एकेक गोष्ट – शाळेची नर्स, नवा स्कोअरबोर्ड, बर्फ काढायची गाडी, असं. येईल त्याला पाच हिरव्या टिकल्या. जे हवं त्यावर चिकटवा. वरच्या पाच गोष्टी राहणार, खालच्या चारांवर काट.

सगळ्यांनी माना डोलावल्या. निवडून दिलंय आम्हाला, आणि डोकं चालवणार टिकल्या! त्या आणायच्या अर्थात चिटणीसबाईंनी. म्हणजे मी.

९ जानेवारी

बर्फ. शाळा बंद. कुणी काही ठरवलं नाही, म्हणून काही बिघडलंही नाही.

११ जानेवारी

ओडेट, आमच्या शाळेची नर्स, वाटेत भेटली. "मॅज, माझा कागद स्कोअरबोर्डच्या शेजारी लावू नकोस गं." मी म्हटलं, लोक इतके खुळे नाहीत.

माझ्या नातीला, टेसला, रोज जेवणाआधी इन्सुलिन ओडेटच देते. टेस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तिची आई तासभर लांब कामाला, आणि माझे हात आता थरथरतात. ओडेट गेली तर? त्याचा विचारही नको वाटतो. म्हणून करत नाही.

१५ जानेवारी

टिकल्यांची जत्रा पार पडली.

बास्केटबॉलवाले सहकुटुंब सहपरिवार हजर. मावश्या, आत्या, एक आजोबा तर चाकाच्या खुर्चीतून. सगळे नव्या स्कोअरबोर्डसाठी. जुन्यावर आठचा आकडा तीनसारखा दिसतो, केवढा हा अन्याय. ऑरिन टटलनं पाचही टिकल्या बर्फ काढायच्या गाडीवर मारल्या. "शाळा राहो न राहो, माझा दुधाचा ट्रक निघाला पाहिजे." निदान खरं बोलला.

एक बाई नर्सच्या कागदापुढे उभ्या. "ही दिवसभर करते तरी काय? गुडघ्याला बर्फच लावते ना?" आणि गेल्या स्कोअरबोर्डकडे. चिटणीसबाईंनी अशा वेळी मत मांडायचं नसतं म्हणे.

माझ्या टिकल्या मी शेवटी लावायच्या ठरवल्या. नातीसाठी आधीच घुसली, असं कुणी म्हणायला नको. किंबल कॉफी घेऊन मधोमध उभे. "बघा मॅजबाई, ही खरी लोकशाही." खऱ्या लोकशाहीतल्या दोन टिकल्या तेवढ्यात कुणाच्या तरी रांगत्या बाळानं तोंडात घातल्या.

मग कॉफीच्या पिंपाची तोटीच निघाली. लाकडी जमीन, नवं पॉलिश. पुसायला कोण? चिटणीसबाई. पुसून कंबर सरळ केली तेव्हा किंबल कागदांच्या गुंडाळ्या करत होते.

१६ जानेवारी

मोजणी झाली. पाचव्या जागी स्कोअरबोर्ड – चाळीस. सहाव्या जागी नर्स – सदतीस.

तीन टिकल्या! या गावाला तीन टिकल्या जड झाल्या. किंबल म्हणाले, "गावानं कौल दिलाय." मी इतिवृत्तात तसंच लिहिलं. आता मुलं तापानं फणफणली की स्कोअरबोर्डवर ताप बघू. आकडे मोठे असतील, लांबून दिसेल.

घरी येऊन रडले. खूप.

१९ जानेवारी

ओडेट जूनपर्यंतच आहे. आज घरी आली. टेससाठी वही केलीय तिनं – किती युनिट, कधी, हात घट्ट धरला तर कुठलं गाणं म्हणायचं. माझे हात हातात घेऊन सुई धरायला शिकवत होती. एका संत्र्याला मी अकरा वेळा टोचलं.

निघताना म्हणाली, "सदतीसातल्या पाच तुझ्या, मॅज. मी विसरणार नाही."

दारातच गावाला पोटभर शिव्या घातल्या – आळशी, आंधळे, आपमतलबी. ती म्हणाली, "जाऊ दे गं."

२३ जानेवारी

त्या दिवशीचा कोट धुवायला काढला. कॉफीचे डाग आहेत.

आतल्या खिशात टिकल्यांची पट्टी. पाचही जागच्या जागी.