दाजींना पाजलेली वाईन

मनीषाअक्का,

मलम लावून तुझा आताच डोळा लागला, म्हणून उठवलं न्हाई. मी हळ्ळीखेडच्या ठाण्यात जायलोय.

चूक माझीबी हाय. हैदराबादच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना सांगतो तसं दाजींना शिकवायला गेलो. "ही फ्रान्सची लाल वाईन लई तुरट, जीभ आखडती. चरबीच्या मटणासंगट घोट घ्या, मग मऊ लागती," म्हणलो. पण तू केलेला रस्सा तिखटजाळ होता. तिखटावर तसली वाईन आणखीच कडू लागती, हे ठाऊक असून मी गप बसलो. दाजी थुंकले आन् "हिनं मुद्दाम केलंय" म्हणत त्यांनी उकळता रस्सा तुझ्या उजव्या हातावर ओतला. मी तीच बाटली त्यांच्या डोक्यात घातली. दवाखान्यात नऊ टाके पडलेत, जिवाला धोका न्हाई.

डॉक्टरला तू म्हणलीस, "पातेलं निसटलं." पाठीवरच्या जुन्या डागांनाबी तू असंच काहीतरी म्हणली होतीस, आन् मी खरं मानून मान डोलावली होती.

मी काय केलं ते मी लिहून देणार हाय. त्यांनी काय केलं ते तू येऊन सांग. सही जमली न्हाई तर डाव्या हाताचा अंगठाबी चालतो.

नागराज