नानांची चार काडतुसं

मंगळवार, संध्याकाळ

शिकारीच्या रायफलींच्या काडतुसांचे जुने प्रकार पुढेही मिळत राहतील का, यावर उद्या लेख द्यायचाय. संपादकांनी मथळा आधीच ठरवलाय: 'जुनं ते टिकतंच'. मग मला विचारायचं कशाला?

कोथरूडच्या नानांकडे जाऊन आलो. त्यांच्याकडे वडिलांची २७५ बोअरची, म्हणजे त्या मापाच्या नळीची, रायफल आहे, शिकारबंदीच्या आधीची. काडतुसं उरलीत चार. नाना ती दर रविवारी फडक्याने पुसतात. निवडणूक आली की रायफलीबरोबर पोलीस ठाण्यात जमा करतात आणि पावतीवर 'चार' लिहिलंय ना, हे दोनदा बघतात.

"परवाना या महिन्यात संपतोय," नाना म्हणाले. "नवी काडतुसं मिळणार असतील तर नूतनीकरण करतो, नाहीतर सगळं सरकारजमा. तुम्ही चौकशी केलीय ना, सांगा."

केली होती. काल बंदुकांचा दुकानदार म्हणाला, "३१५ बोअरची हवी तेवढी, ती आपल्याच देशात बनतात. २७५ची? ती घ्यायला इंग्रज असताना यायचं." म्हणजे जुनं टिकतं असं नाही, जे कारखान्यातून निघतं ते टिकतं. संपला लेख. यावर आठशे शब्द कुठून आणू?

नानांना खरं ते सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाले.

आत्ता संपादकांचा फोन. "शेवट आशादायक करा हं." करणार नाही. मथळा तोच राहणार असेल तर खाली माझं नाव नको, असं कळवून टाकलं.

पण निघताना पाहिलं ते डोळ्यांपुढून जात नाही. नाना फडकं घेऊन बसले होते, आणि आज मंगळवार.