तिसऱ्या वाचनाआधी

प्रिय आदेल्फा,

हे पत्र बोटवाल्या नेस्तोरच्या हाती देतोय. रविवारी तो मनिलाला लेकीकडे चाललाय, तुझ्या दारात आणून देईल. फोन का केला नाहीस म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? मत दिल्यावर कारण सांगायला तुमचे सभापतीसुद्धा माणसाला तीन मिनिटं देतात. तू मला अर्धं वाक्य देतेस आणि "औषध घेतलंस का?" म्हणून कामकाज तहकूब करतेस. तर आज मी बोलणार आणि तू ऐकणार. हरकतीचे मुद्दे नंतर घे.

सोमवारी खाडीचं विधेयक तिसऱ्या वाचनाला येतंय, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भराव घालणार, बंदर करणार, हॉटेलं बांधणार. आणि तू 'हो' म्हणणार की 'नाही', यावर धक्क्यावर पैजा लागल्यात. कॉलेजच्या पोरांनी म्हणे सगळ्या खासदारांची कुंडली इंटरनेटवर मांडलीय: हजेरी किती, प्रश्न किती, कुणाचं मत कुठं पडलं. पहाटेच्या बोटीला माझ्यासोबत असणाऱ्या मानांग ओपेंगनं नातीकडून तुझं पान वाचून घेतलं आणि बोटीत सगळ्यांसमोर मला धरलं. "मास्तर, तुमच्या बायकोची सभागृहातली हजेरी बघितली का? एक दिवस खाडा नाही! घरी मात्र पाहुणी." सगळी बोट हसली. मग म्हणाली, "आणि पक्षाच्या विरोधात एवढ्या वर्षांत एकदाच मत? तेही कुत्र्यांच्या करावर?" मी म्हटलं, कुत्र्यांना तरी कुणीतरी वाली हवाच की. पण आतून चिडलो होतो. तू धक्क्यावरच्या छपरासाठी किती प्रश्न विचारलेस, समितीत किती भांडलीस, ते त्या पानावर एका ओळीत मावतं.

माझे दिवस कसे जातात विचारत असतेस. तरंगत जातात. एक दिवसाआड बेटावरून पहाटेची बोट, मग पलीकडच्या शहरात त्या यंत्रापाशी पडून रक्त धुऊन घ्यायचं, दुपारी परत. येताना अंगात काहीच उरलेलं नसतं, त्यामुळे सगळं फार सुंदर दिसतं. शेवाळाच्या शेतीच्या दोऱ्यांना बांधलेल्या रिकाम्या बाटल्या लाटेवर वरखाली होत असतात, मधे मधे बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत असतात, आणि मला वाटतं की आपण अजून जागे झालोच नाही. घरी येऊन व्हरांड्यात आडवा होतो. शेजारून पिकलेले आंबे येतात, ते नुसते हुंगतो, खायची बंदी आहे. मग मोबाइलवर तुमचं सभागृह लावतो. कुठल्यातरी विधेयकावर नावं पुकारत असतात. अबेया, अल्कांतारा, अरोयो... हो, हो, हो. झोप लागायला याहून चांगलं अंगाईगीत नाही, तुझ्या सहकाऱ्यांना सांगू नकोस.

आपलं नाव यायला फार वेळ लागतो ना! विलारुझ. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली, त्यामुळे शेवटच्या नावांची पोरं मला माहीत आहेत. वाट बघून बघून ती खिडकीबाहेर बघायला शिकतात. परवा असाच डोळा लागला आणि काय स्वप्न पडलं सांगू! तुमचं सभागृह आपल्या खाडीत भरलं होतं. खासदार बांबूच्या मचाणांवर बसलेले, सगळ्यांचे पाय पाण्यात, सभापती वल्ह्यानं ठोकून शांतता राखताहेत. आणि "विलारुझ" म्हटल्यावर तुझ्याआधी माझे बाबा उभे राहिले. खांद्यावर ओलं जाळं, तोंडात विडी. लग्नात तू हे आडनाव घेतलंस तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, या नावाला समुद्राशिवाय काही मिळकत नाही, बघ बाई!" स्वप्नात ते काय बोलले ते मात्र ऐकू आलं नाही. नेमका प्रतोदाचा फोन वाजला, म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरातली किटली शिट्टी देत होती.

दुसऱ्या वाचनाचं आवाजी मतदान मी जागेपणी पाहिलं हं. बाजूनं असणाऱ्यांनी 'हो' म्हणावं, म्हटल्यावर केवढा गलका झाला. त्या गलक्यात कोण बोललं नि कोण नाही, हे कुणाला कळणार? पण कॅमेरा क्षणभर तुझ्यावर आला. प्रार्थनेला नुसते ओठ हलवणारी पोरं मी हजार पाहिलीत. तू तर ओठही हलवले नाहीस. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलीस. मला तुझा इतका अभिमान वाटला आणि इतकी काळजी वाटली की मोबाइल बंद करून टाकला. सोमवारी गलका नसणार. एकेक नाव, एकेक मत.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या इस्पितळाचं विधेयक तू निवडून आल्या आल्या मांडलंस. खाटा वाढवायच्या, बेटावरच डायलिसिसची यंत्रं आणायची. समितीत त्याचं भिजत घोंगडं झालं होतं. मग गेल्या महिन्यात वादळ आलं, बोटी बंद पडल्या, माझा वार चुकला. पाय सुजले, श्वास लागला, आणि तिकडे मनिलात तुझी पाचावर धारण बसली. पुढच्याच आठवड्यात समितीच्या अध्यक्षांना अचानक आपलं बेट आठवलं! तू फोनवर हसत म्हणालीस, "रामिरो, इस्पितळ सुटलं!" मी विचारलं, बदल्यात काय मागितलं? तू म्हणालीस, "औषध घेतलंस का?" आदेल्फा, मी म्हातारा झालोय, बावळट नाही झालो; खाडीवरचं तुझं 'हो' मागितलंय.

यंत्र माझ्या एकट्यासाठी नाही, हे मलाही कळतं. म्हणून मानांग ओपेंगला विचारलं. तीही माझ्यासारखीच रक्त धुवायला येते, आणि तिची सून खाडीत शेवाळाच्या दोऱ्या लावते. तिला मी सगळं उघड सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, यंत्र आलं तर मी चार वर्षं जास्त जगेन. पण खाडी गेली तर ती चार वर्षं सुनेच्या तोंडाकडे कशी बघू? आणि यंत्र दारात आलं तर मी बोटीत कुणाशी भांडू?" वादळाच्या दिवसांत ती शहरात भाचीकडे राहणार आहे. तुला सांगायला सांगितलंय की इस्पितळाचं घोंगडं पुन्हा भिजलं तर पुन्हा वाळत घाल, तुला कोण अडवतंय?

आणि माझं म्हणशील, तर त्यासाठीच हे पत्र. तू 'हो' म्हणशील तर ते माझ्यासाठी म्हणशील, पक्षासाठी नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तुला वाटतं, पुढच्या वादळात बोट बंद पडली की हा माणूस गेला. मलाही भीती वाटते गं, का खोटं बोलू? म्हणून शहरात, त्या यंत्रापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, मी एक खोली घेतलीय. हे पत्र तुला मिळेल तेव्हा घराला कुलूप लावून मी तिथं पोचलेला असेन. आता वादळ येवो, नाहीतर बोटी बुडोत, माझा वार चुकत नाही. तुला घाबरवायला त्यांच्या हातात काही उरलं नाही. सोमवारी बिनधास्त 'नाही' म्हण आणि सरळ त्या खोलीवर ये. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोर भिंत आहे. पण पलंग दोघांपुरता आहे.

बेट सोडून निघालेला, तरी तुझाच,
रामिरो