नानांच्या गिटारवर कोणाचे नाव

इंदूर, १४ फेब्रुवारी १९९३

चि. धनेश यास अनेक आशीर्वाद.

पाच महिने पत्र नाही, माफ कर. कारण सांगायला गेले तर सबबच वाटेल, म्हणून सांगत नाही.

वडिलांची आठवण म्हणून नानांची हवाईयन गिटार तू पुण्याच्या वाद्यसंग्रहाला द्यायचे कबूल केलेस, आणि ती अमेरिकन बनावटीची आहे असे माझ्याकडून लिहून मागितलेस. मिलमध्ये मशिनी बसवायला आलेल्या अमेरिकन इंजिनिअरने ती जाताना दिली, असे नाना सांगत. पण न पाहिलेल्या गोष्टीवर सही कशी करू? हस खुशाल. तारा उतरवल्या, टॉर्च आणि हातआरसा घेऊन आत पाहिले. सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, आणि एकीच्या काठावर आपल्याच मिलचा छाप! मागे कधी दुरुस्ती झाली असेल, अशी समजूत आधी मीच घातली.

चैन पडेना. मिल बंद झाल्यापासून सुतारखात्यातले लोक पांगलेत. विचारत विचारत मल्हारगंजात विष्णू मिस्त्रींकडे पोचले. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलची झांकी निघायची, त्या देखाव्यातले सोंड हलवणारे हत्ती करायचे, तेच. आता पोळपाट-लाटणी करतात. गिटार मुद्दाम घरी ठेवून गेले होते. विषय काढताच म्हणाले, की बहनजी, ती तर मीच बनवली. पटत नसेल तर घरी जाऊन पाहा, दांडीच्या बुडाशी आत चार खुंट्या आहेत, तीन सागाच्या आणि एक शिसवीची, कारण साग संपला होता. घरी येऊन पाहिले. तीन पिवळट, एक काळी.

परत जाऊन विचारले, इतकी वर्षे गप्प का? तर नानांनीच विनवले होते, की देशी म्हटले तर मिलच्या गणपतीत साहेब लोक ऐकायला बसायचे नाहीत. मिस्त्री हसून म्हणाले, अपने को क्या, बजती तो वही थी. हा माणूस मिलच्या रजिस्टरात शेवटपर्यंत हेल्पर राहिला.

मी अमेरिकन लिहून देणार नाही. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
अरुंधती

पुणे, २१ फेब्रुवारी १९९३

ती. अरुंधतीताईस, सा. न. वि. वि.

मिस्त्रींची घेतलीस तशी तू गिटारचीही तोंडी परीक्षा घेतलीस, धन्य आहे! पण ताई, संग्रहवाल्यांचे गिटारपुढे ठेवायचे कार्ड छापून झाले आहे. मिलच्या सुताराने केलेली म्हटले तर ते ठेवतीलच असे नाही. आता तर बाजार उघडलाय, लोक साबणसुद्धा फॉरेनचा मागतात. आणि नाना गेल्यावर त्यांना खोटे पाडून तुला काय मिळणार? २८ तारखेला, रविवारी संध्याकाळी, त्यांचा माणूस गिटार न्यायला येईल. त्याच्याजवळ दोन ओळी दे. हट्ट सोड, लोभ तेवढा धरून ठेव.

तुझा,
धनेश

इंदूर, २७ फेब्रुवारी १९९३

चि. धनेश यास अनेक आशीर्वाद.

नानांना खोटे पाडायचे, हे तुझे वाक्य दोन दिवस सलत होते. यात माझ्या खरेपणाची मिजास किती, हेही तपासले. आहे थोडी. पण नाना खोटे बोलले, हे त्याने बदलत नाही. मीही कॉलेजात मैत्रिणींपुढे अमेरिकन गिटार म्हणून मिरवले आहे, तेव्हा नानांच्या खोट्यात माझाही वाटा आला. नाना वाजवायचे सुरेख. वाजवणारे म्हणून त्यांचे नाव कार्डावर राहू दे, पण बनवणाऱ्याचेही हवे.

मिस्त्रींना सांगितले, तर घाबरले. म्हणाले, रहने दो बहनजी, बडे लोगों का काम है. मी उठलेच नाही. त्यांच्या बायकोने दोनदा चहा केला, मग तीच त्यांना म्हणाली, की झांकी निघायची तेव्हा पाटीवर मिलमालक शेठजींचे नाव असायचे, एकदा स्वतःचे लिहून तर बघा. तेव्हा कुठे ते पटाशीला धार लावायला बसले.

संग्रहवाल्यांना सांग, कार्ड नवे छापा, नाहीतर तो कोनाडा रिकामा ठेवा. त्यांच्या माणसाला मी पोहे-जिलेबी खाऊ घालीन, पण खोटी ओळ देणार नाही. तुझा शब्द जातो, याचे वाईट वाटते. तरी आपल्या घरात तुझी जागा आहे तिथेच आहे.

तुझी ताई,
अरुंधती

ता. क. डायरीत एवढेच लिहून ठेवले आहे: उद्या सकाळी गिटार मल्हारगंजात नेणे, विष्णू मिस्त्रींकडून दर्शनी बाजूला त्यांचे नाव कोरून घेणे.