मुक्काम बोटाद, निजायला भावनगर

१२ जून, गुरुवार

ट्रान्सफरची ऑर्डर आली. बोटाद. भावनगरहून एसटीने अडीच तास, ड्रायव्हरला वाटेत चहा आवडत असेल तर तीन.

मार्ग दोनच. रोज अपडाऊन करणे किंवा बिऱ्हाड हलवणे. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त अशा रीतसर क्रमाने विचार करून रविवारपर्यंत निर्णय. इतकी वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवतो आहे, एवढं जमायला हरकत नाही.

मृदुलाला सांगितलं. भाखरी लाटता लाटता म्हणाली, ‘ऋचाचे पप्पा, मला दोन्ही गावं चालतील. संध्याकाळी तिघांनी एका छपराखाली बसून जेवायचं, बस. ते जिथे जमेल तिथे मी.’ बायकांना प्रश्न फार सोपे वाटतात.

१५ जून, रविवार

बोटादला कॉलेजजवळ एक घर रिकामं आहे असं कळलं. बघायला जाणार होतो. पण रविवारी पश्चिमेला दिशाशूल. बोटाद वायव्येला, म्हणजे थोडं पश्चिम, थोडं उत्तर. पश्चिमेला रविवार आणि शुक्रवार वर्ज्य, उत्तरेला मंगळ आणि बुध. ज्याला दोन्ही दिशा लागतात त्याने दोन्हींचे वार पाळावेत, हे न्यायाला धरूनच आहे.

मृदुला एकटीच गेली. संध्याकाळी किल्ली घेऊन आली. म्हणाली, ‘स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. घेतलं.’

मी म्हणालो, अजून उत्तरपक्ष व्हायचा आहे.

१६ जून, सोमवार

तूर्त ट्रायल म्हणून अपडाऊन. बसमधला वेळ सत्कारणी लावायचा. जाताना व्याकरणावरची टीका लिहायची, येताना इंग्रजी सुधारायचं. वर्षभरात दोन ग्रंथ सहज होतील.

जाताना झोप लागली. येतानाही. दोन्ही वेळी एकाच खांद्यावर. खांदा प्रवीणसिंह गोहिल यांचा. सिंचन खात्यात आहेत, अकरा वर्षं अपडाऊन करतात. सभ्य गृहस्थ. फक्त एवढंच म्हणाले, ‘साहेब, उद्यापासून खिडकीकडे बसा. काच सोसेल.’

२६ जून, गुरुवार

अपडाऊनच्या मंडळींत मला रुमाल मिळाला. म्हणजे गोहिल आधी चढून माझ्या जागेवर रुमाल टाकतात आणि मग त्या जागेवर साक्षात कलेक्टर आला तरी उभाच राहतो. बदल्यात दर गुरुवारी सगळ्यांचा नाश्ता माझ्याकडे. मृदुलाने पहाटे उठून डबाभर थेपले केले. फार वाखाणले गेले. घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं झालं. मी केलेलं तुम्ही कुठेतरी जागेपणी खाता.’

गोहिलना विचारलं, तुम्ही बोटादला राहायला का नाही गेलात? म्हणाले, ‘विचार चालू आहे.’

असा धीमा, सारासार विचार करणारी माणसं आता दुर्मीळ.

३ जुलै, गुरुवार

रविवारी देवपोढी एकादशी. त्यानंतर देव झोपणार ते कार्तिकापर्यंत. मग बिऱ्हाड हलवता येत नाही. आज उत्तम मुहूर्त होता, वारही निर्दोष. पण मला सर्दी.

शास्त्रात यावर तोड आहे. मुहूर्त गाठायचा, पण निघणं जमत नाही, अशा वेळी प्रस्थान ठेवतात. उपरण्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ बांधून ते बोचकं मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. की यात्रा सुरू झाली असं धरतात. देह सवडीने मागून येतो. मी ते शेजारी लाभुभाईंकडे ठेवलं. लाभुभाई बंदरखात्यातून निवृत्त. आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच. अत्यंत हलकं वाटलं. निर्णय झाला आणि सर्दीतही झाला.

मृदुलाने विचारलं, ‘बोचकं बोटादला पोचलं?’ मी म्हणालो, लाभुभाईंच्या देवघरात आहे. ती म्हणाली, ‘म्हणजे चार हात लांब गेलात. बरंच झालं म्हणायचं.’

ती मात्र त्याच मुहूर्तावर बोटादच्या घरात पाण्याने भरलेला कुंभ ठेवून आली. म्हणजे शास्त्रतः आम्ही बोटादवासी झालो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी संध्याकाळी फोनवर मुख्यालयी राहता का म्हणून विचारलं तेव्हा मान वर करून ‘हो’ म्हणालो. असत्य नाही.

७ जुलै, सोमवार

देव झोपले. चार महिने कोणी काही विचारू नये.

१० जुलै, गुरुवार

एक अडचण. लाभुभाई हिंदोळ्यावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, ‘साहेब, एक शंका. प्रस्थान ठेवलेला माणूस परत आपल्या घरी झोपतो का हो?’

हे त्यांना मीच मागे एकदा समजावून सांगितलं होतं. प्रस्थान ठेवल्यावर स्वगृही झोपू नये, नाहीतर यात्रा मोडते. नाकारणार कसं? तरी म्हणालो, अपवाद असतील, बघावं लागेल. ते म्हणाले, ‘बघा, बघा. तोवर आमचा हिंदोळा रिकामाच असतो रात्री.’ डोळ्यांत किंचित हसू होतं, पण मुद्दा बिनतोड होता.

गादी त्यांच्या ओसरीवर नेली. मृदुला दारात उभी राहून बघत होती. पटलं असावं.

११ जुलै, शुक्रवार

हिंदोळ्यावर झोपण्याचं एक तंत्र आहे. ते आत्मसात करीन.

१२ जुलै, शनिवार

पाठ.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शीतळा सातम. चूल बंद, सगळीकडे गार जेवण. मृदुलाने ताट लाभुभाईंकडे पाठवलं. रसीलाबेन, म्हणजे लाभुभाईंच्या सौभाग्यवती, ताट ठेवत म्हणाल्या, ‘भाई, ही सातम तुमच्याकडे रोजचीच झाली.’

हळूहळू गरजेच्या वस्तू इकडे आल्या आहेत. कंगवा, छत्री, टीकेची वही, धोतरं, पितळी डबा. लाभुभाई म्हणाले, ‘साहेब, आता फक्त भाभी राहिल्यात. त्यांचंही प्रस्थान ठेवणार असाल तर आधी सांगा, आम्ही जरा सरकून बसू.’ विनोदी माणूस.

टीका अजून मंगलाचरणावर आहे. मंगलाचरण मजबूत असलेलं बरं.

२१ सप्टेंबर, रविवार

ऋचा कुंपणापलीकडून म्हणाली, ‘पप्पा, माझी बारावी संपेपर्यंत तरी ठरेल?’ मी म्हणालो, घाईने घेतलेला निर्णय आयुष्यभर छळतो. ती म्हणाली, ‘आणि न घेतलेला?’ मुलगी तर्कशास्त्राला घालावी.

मृदुला घरातून ओरडली, ‘ऋचा, शेजाऱ्यांना त्रास देऊ नकोस.’

९ ऑक्टोबर, गुरुवार

मृदुलाला बोटादच्या एका बालमंदिरात बाईंची जागा मिळाली. दिवाळीनंतर रुजू. मला विचारलं नाही, सांगितलं. सांगताना जरा थांबली. म्हणाली, ‘चार महिने मी तुम्हाला अंधारातच बघतेय. पहाटे जाताना पाठ, रात्री येताना घोरणं, तेही भिंतीपलीकडून. तिथे गेलो तर संध्याकाळी पाचला तुम्ही घरी असाल. मला तुमच्याबरोबर गरम जेवायचंय, एवढंच. याल ना?’

मी म्हणालो, तत्त्वतः आलेलोच आहे.

ती मग आत गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

लाभपांचम, दिवाळीनंतरची पंचमी. सकाळी टेम्पो दारात. गाद्या, पिंप, शिवणयंत्र, ऋचाची सायकल सगळं चढलं. मी आक्षेप घेतला. देव अजून उठले नाहीत. आठवडाभर थांबलं तर काय बिघडतं? ती म्हणाली, ‘तुमचे देव झोपलेत. माझ्या बालमंदिरातली पोरं जागी आहेत. चला, ड्रायव्हरशेजारी जागा ठेवलीय तुमच्यासाठी.’ सीटवर तिने ओढणी टाकून ठेवली होती. जागा धरायला आपण रुमाल टाकतो, तशी.

पण रविवार. पश्चिम. शिवाय घराची राखण कोणी करायची?

टेम्पो गेला. निर्णय माझाच आहे, तो यथावकाश घेईन, असं तिला मोठ्याने सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल देव उठले.

घराची राखण करायला नको. मृदुलाने ते भाड्याने दिलं. भाडेकरू नवरा-बायको दोघंही इस्पितळात नोकरीला. मी सवयीने पाणी भरायला आत गेलो तर त्या बाईंनी नम्रपणे विचारलं, ‘कोण पाहिजे काका?’

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बसमध्ये गोहिलनी विचारलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे: ‘साहेब, नोकरी बोटादला. भाभी बोटादला. मुलगी बोटादला. घर कॉलेजला लागून. मग रोज संध्याकाळी भावनगरला तुम्ही कशाला येता? तिथे आहे काय?’

मी म्हणालो, प्रस्थान.

मग कोणीतरी हळूच गाठियांचा पुडा पुढे केला. ही मंडळी कठीण विषयाचा आदर करतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. पक्कं. गुरुवारी २७ तारखेला जायचं. वार निर्दोष, सप्तमी शुभ. लाभुभाईंना सांगितलं. त्यांनी रसीलाबेनना हाक मारली, ‘अगं ऐकलंस का, साहेब चालले!’ आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. आनंदाने असेल असं म्हणवत नाही. त्यांना माझी सवय झाली आहे.

मृदुलाला मात्र आधी सांगितलं नाही. अचानक जाण्यात एक गंमत असते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अनपेक्षित. गोहिल निवृत्त झाले. अकरा वर्षं चाललेला त्यांचा विचार सरकारनेच संपवला. परतीच्या बसमध्ये निरोपसमारंभ होता, त्यासाठी चढावंच लागलं आणि अपडाऊन मंडळाचं अध्यक्षपद एकमताने माझ्याकडे आलं. नारळ, शाल, टाळ्या. कंडक्टरही दोन शब्द बोलला. अध्यक्षाने रोज अपडाऊन करावं अशी एक साधी अट आहे. निवड झाली त्याच दिवशी राजीनामा देणं माझ्या संस्कारांत बसत नाही.

माणसाच्या गुणांची पारख होते. फक्त ती कुठे होईल हे सांगता येत नाही.

गोहिल उतरताना कानाशी म्हणाले, ‘साहेब, मी अकरा वर्षं भावनगरला परत आलो, कारण तिथे घर होतं. तुमचं पाहून मला फार बरं वाटायचं.’ यातली शेवटची ओळ नीट कळली नाही. चांगलीच असणार.

१६ डिसेंबर, मंगळवार

कमुरतां बसली. सूर्य धनुराशीत आहे तोवर, म्हणजे उत्तरायणापर्यंत, एकही शुभकार्य नाही. हात बांधलेले.

मृदुला मधल्या सुट्टीत कॉलेजच्या फाटकाशी भेटली. बालमंदिराच्या पोरांना घेऊन चालली होती, एकमेकांचे सदरे धरलेली रांग. बरी दिसत होती. मी म्हणालो, कमुरतां उतरली की नक्की. ती म्हणाली, ‘हो हो.’ कुठल्याही तक्रारीशिवाय म्हणाली. किती बदल झाला आहे तिच्यात! समजूतदारपणा असाच वाढत जातो.

५ जानेवारी, सोमवार

लाभुभाई खाकरून खाकरून म्हणाले, उतराणला, म्हणजे संक्रांतीला, राजकोटहून मुलगा, सून, नातवंडं येणार. हिंदोळा लागेल. ‘तुम्ही आमचेच आहात साहेब, पण पोरं खाली पडायला नकोत.’

मी म्हणालो, अहो, मी तर निघालेलोच आहे. जुलैपासून.

१५ जानेवारी, गुरुवार

काल उत्तरायण झालं. आकाश निर्दोष, वार निर्दोष, आता कोणतीही हरकत उरली नाही. अध्यक्षपदाचा राजीनामा खिशात. निर्णय जाहीर करायला कॉलेज सुटल्यावर थेट बोटादच्या घरी गेलो.

स्वागत फारच उत्तम झालं. ऋचाने ट्रेमधून पाणी आणलं. आजवर ती मला पाण्याचा तांब्या बोटाने दाखवायची. मृदुलाने नवीन चादर घातलेल्या पलंगावर बसवलं, पंखा लावला. जानेवारी असूनही लावला. प्रकृती विचारली. प्रवासाचा त्रास झाला नाही ना, असंही विचारलं. मी म्हणालो, कॉलेजपासून कितीसा प्रवास? ती हसली.

लवकर जेवायला बसवलं. उंधियुं, पुरी, कढी. खिडकी खरोखरच पूर्वेला आहे. आग्रह तर विचारू नका. ‘अजून एक पुरी घ्याच, माझी शपथ. अहो, काहीच जेवत नाही तुम्ही. लाजता काय?’ ताटावर आडवा धरलेला माझा हात बाजूला करून वाढलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने मला एकदाही शपथ घालून वाढलं नव्हतं. ऋचाला मात्र फक्त ‘हवी तर घे, डब्यात आहे.’ ती आपली उठून घेत होती. मला जरा वाईटच वाटलं पोरीचं.

निर्णय सांगायला योग्य क्षण शोधत होतो. बाहेरच्या खोलीत माझं कपाट लागेल कुठे, ते पाहून ठेवलं. तिथे बालमंदिराची खेळणी आहेत. तेवढ्यात ऋचाने घड्याळ पाहिलं. म्हणाली, ‘पप्पा, तुमची बस चुकेल.’ मृदुलाने लगबगीने डब्यात उंधियुं भरलं, पिशवीत घातलं, ‘लाभुभाईंना पण द्या’ म्हणाली. दोघी मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. पाहुणा कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवत उभं राहायचं, तशा उभ्या राहिल्या.

कोपऱ्यावर पोचलो तेव्हा मृदुलाने मागून हाक मारली. मी लगेच वळलो. फारच लगेच.

ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करा हं! म्हणजे आम्ही घरी असू.’

बस वेळेवर सुटली. खिडकीकडची जागा होती. रुमाल कोणी टाकला होता, पाहिलं नाही.